थॅच काढणे आणि ओव्हरसीडिंग (नागपूर परिसरातील हिरवळ)

हिरवळीच्या तळाशी साठलेला वाळक्या काड्या-मुळ्यांचा थर म्हणजे थॅच. पॉवर रेक या यंत्राने तो ओरबाडून काढायचा आणि उघड्या पडलेल्या मातीवर नवे बी टाकायचे, म्हणजेच ओव्हरसीडिंग करायचे, अशी ही जोडीची कामे आहेत. थंड हवेच्या देशांत ती शरदाच्या सुरुवातीला किंवा वसंतात उरकतात. नागपुरात गवत वेगळे, माती वेगळी आणि उन्हाळा तर फारच वेगळा. त्यामुळे यंत्र तेच असले तरी वेळापत्रक इथले मांडावे लागते, आणि बी टाकण्याची पायरी पुष्कळदा गाळलेलीच बरी.

थर कसा बनतो

कापून पडलेले गवत साचून थॅच होतो, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. कापलेल्या पात्यांत बहुतांश पाणीच असते. ती लवकर कुजून मातीत जातात. थर बनतो तो जमिनीलगत धावणाऱ्या खोडांचा, पेरांचा, गड्ड्यांचा आणि जुन्या मुळ्यांचा. या भागांत लिग्निन जास्त असते आणि सूक्ष्मजीवांना ते सावकाशच पचते. वाढ कुजण्यापेक्षा वेगाने होऊ लागली, की थर जाड होत जातो. वरचेवर युरिया, रोजचे वरवरचे पाणी, दबून घट्ट झालेली माती आणि गांडुळे मारणारी कीटकनाशके ही त्यामागची नेहमीची कारणे.

नागपुरातल्या बहुतेक हिरवळी हरळीच्या, म्हणजे दूर्वांच्या कुळातल्या आहेत. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून अशा दोन्ही वाटांनी पसरते, म्हणून थॅच करण्यात ती पुढे असते. रोपवाटिकांत ‘कोरियन’ म्हणून मिळणारे झोयसिया गवतही याच पंक्तीतले. उलट झुबक्याने वाढणाऱ्या राय गवतात हा त्रास फारसा होत नाही.

साधारण सव्वा सेंटिमीटरपर्यंतचा थर उपकारकच असतो. मातीचा ओलावा टिकतो, पायाखाली मऊपणा राहतो आणि मे महिन्यात मुळांवरचा ताप थोडा कमी होतो. जिथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता, त्या गावात ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. थर दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला, की गणित उलटते. वाळलेला थॅच पाणी झिडकारतो, मुळे मातीत उतरायची सोडून थरातच फिरत राहतात आणि पाण्याचा एक दिवस चुकला की गवत पिवळे पडते. गवत कापण्याच्या यंत्राची चाके अशा थरात रुततात, म्हणून कापणीनंतर मधेच टक्कल पडल्यासारखे तपकिरी पट्टे दिसतात.

तपासणी

खुरप्याने किंवा जुन्या सुरीने हिरवळीत तिरका छेद देऊन वीतभर रुंद, त्रिकोणी तुकडा उचलावा. काळ्या मातीवर हा थर ओळखणे सोपे जाते. वर हिरवी पाती, खाली काळीभोर माती आणि दोहोंच्या मध्ये नारळाच्या काथ्यासारखा तपकिरी, दाबला की पुन्हा फुगणारा पट्टा. मोजपट्टी लावायची ती या पट्ट्याला, तीही न दाबता. चार-पाच ठिकाणी असे तुकडे काढून पाहावेत आणि पाहून झाले की जागच्या जागी बसवून पायाने दाबावेत.

नागपुरात अशी तपासणी केल्यावर बऱ्याच हिरवळींत थॅच फारसा नसतोच. पावसाळ्यातली ऊब आणि ओल मिळून पुष्कळसा थर आपोआप कुजवतात. लग्नाच्या लॉनवर तर हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. मांडव, खुर्च्या, गालिचे आणि हजार माणसांची ये-जा यांनी तिथली माती विटेसारखी दबलेली असते. अशा जागी पॉवर रेक फिरवणे म्हणजे दुखणे एक आणि औषध दुसरे. तिथे माती भोके पाडून मोकळी करायला हवी.

यंत्र

पॉवर रेकमध्ये एका आडव्या दांड्यावर पोलादी पाती किंवा स्प्रिंगचे दात बसवलेले असतात. पेट्रोल इंजिन किंवा विजेच्या मोटरवर दांडा वेगाने फिरतो आणि पाती उभ्या चक्रात फिरून थर खरवडून वर फेकतात. यातली पाती सैल टांगलेली असल्याने खडा लागला तर मागे सरतात. व्हर्टिकटर हे त्याचे अधिक कडक भावंड. त्याची पाती घट्ट बसवलेली असतात आणि ती मातीत सरळ चिरा पाडतात. जाड थरासाठी किंवा चिरेत बी पडावे म्हणून ते वापरतात. क्रिकेटच्या मैदानांची निगा राखणाऱ्यांना हे यंत्र परिचयाचे आहे. चार-पाचशे चौरस फुटांच्या अंगणासाठी मात्र दोन्ही यंत्रे अवजडच. तिथे लोखंडी दंताळे आणि एक दमदार माळी पुरतो.

हे काम आपल्याकडे यंत्राबरोबर आले असेही नाही. उन्हाळ्यात हिरवळ खरडून काढणे, दंताळ्याने ओढणे आणि वर खत-माती पसरणे ही भारतीय उद्यानशास्त्रातली जुनी शिफारस आहे. त्यासाठी एक भाग वाळू, दोन भाग बागेची माती आणि एक भाग पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण सांगितले जाते. एप्रिल-मेमध्ये खरडले की तण आणि किडी उन्हाने मरतात, हे त्यामागचे कारण. पण ज्या घरी उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, तिथे नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांच्या, तोंडावर गवताचे गड्डे उघडे टाकणे हा निव्वळ जुगार आहे. पाऊस आठवडाभर लांबला तर मागे केवळ धूळ उरते.

हंगाम

नियम एकच: थर काढल्यावर गवताला जोमाने वाढायला निदान महिना-दीड महिना मिळायला हवा. हरळी उष्ण हवेतली, तिची खरी वाढ पावसाळ्यात. नागपुरात मोसमी पाऊस जूनच्या मध्याच्या आसपास पोचतो. त्यामुळे पाऊस स्थिरावल्यानंतरची पहिली उघडीप ही सर्वांत चांगली वेळ, मग ती जूनअखेरीस मिळो की जुलैत. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, हलका हात फिरवता येतो. डिसेंबर-जानेवारीत हरळी मंदावलेली असते. तेव्हा ओरबाडलेली हिरवळ होळीपर्यंत उघडीबोडकी राहते.

खरी कसोटी मात्र तारखेची नसून वापशाची, म्हणजे मातीतल्या कामाजोग्या ओलाव्याची आहे. काळी माती ओली असताना चिकट असते. यंत्राची चाके तिच्यात चरे पाडतात आणि पाती थराबरोबर ढेकळेही उपटतात. वाळली की तीच माती दगडासारखी होते आणि भेगाळते. मूठभर माती वळून तिचा गोळा करावा आणि बोटाने दाबावा. तो फुटून भुगा झाला तर यंत्र काढावे. बोटाला चिकटला तर अजून दोन दिवस थांबावे. शेतकरी वखर घालण्याआधी जे पाहतो तेच हे.

काम

आदल्या दिवशी गवत नेहमीपेक्षा आखूड कापावे. स्प्रिंकलरची तोंडे, नळाच्या टोप्या आणि बागेतल्या दिव्यांच्या तारा यांवर झेंड्या लावाव्यात. भरावाच्या जमिनीत मुरमाचे खडे असतातच. ते गोळीसारखे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, अंगात पूर्ण पँट हवी आणि पोरांना घरात बसवावे.

पात्यांची उंची सपाट फरशीवर ठरवून घेतात. पहिल्या फेरीत पाती मातीला जेमतेम टेकावीत. पाव इंचाहून खोल जाण्याचे कारण नसते. कोपऱ्यात दोन मीटरचा पट्टा चालवून पाहावा. वाळके गवत निघत असेल तर उंची बरोबर आहे, पांढऱ्या मुळ्यांचे झुबके येत असतील तर यंत्र लगेच वर घ्यावे. एकदा उभी आणि एकदा आडवी अशा दोन फेऱ्या पुरतात. थर फार जाड असेल तर सगळा एकाच वर्षी काढू नये.

निघणारा ढीग पाहून नवखा माणूस हबकतो. छोट्या अंगणातूनही पोतीच्या पोती भरतात आणि मागे राहिलेली हिरवळ पार विस्कटलेली दिसते. हे अपेक्षितच असते. वाळका माल शेणकाल्याबरोबर खड्ड्यात थर देऊन कुजवावा. तणनाशक मारलेले असेल तर मात्र तो खतात घालू नये. त्यातले हिरवे, जिवंत तुकडे वेगळे काढण्याजोगे असतात. हरळीचे दोन-तीन इंची तुकडे माती व ताज्या शेणाच्या काल्यात मिसळून मोकळ्या जागी लिंपण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पेरे जिवंत असली की पावसाळ्यात ती हमखास फुटतात.

बी टाकावे की नाही

परदेशी पुस्तकांत हे दुसरे पाऊल ठरलेलेच असते, कारण तिथली झुबक्याची गवते रिकामी जागा स्वतःहून भरत नाहीत. हरळी भरते. निरोगी हिरवळ जुलैत खरडली तर ती बी न टाकताही महिन्याभरात पुन्हा विणली जाते. हातभराहून मोठे टक्कल असेल तिथेच बियाण्याचा खर्च सार्थकी लागतो.

दुसरी अडचण वाणाची. ‘सिलेक्शन नंबर वन’सारखी निवडक गवते तुकड्यांपासून वाढवतात. त्यांच्यात बाजारातले साधे बर्म्युडा (हरळीचेच इंग्रजी नाव) बी टाकले, की पोत आणि रंग वेगळे असलेली ठिगळे कायमची राहतात. अशा ठिकाणी त्याच हिरवळीच्या कडेचे तुकडे आणून टोचावेत. कोरियन गवतालाही हाच उपाय. फक्त ते सावकाश पसरते, तेव्हा घाई करू नये.

साध्या हरळीसाठी सोललेले बी दर चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम पुरते. बी अत्यंत बारीक, एका ग्रॅममध्ये काही हजार दाणे. त्यामुळे ते बारीक वाळूत मिसळून, निम्मे उभे आणि निम्मे आडवे चालत भुरकावतात. मग दंताळे उलटे करून हलके ओढायचे आणि वर ३ ते ६ मिलिमीटर चाळलेली खत-माती टाकून दाबायचे. बी थॅचवर अडकून राहिले तर उगवले तरी मरते. मातीला चिकटणे हेच महत्त्वाचे. काळ्या मातीच्या भेगा अजून मिटल्या नसतील तर आधी त्यांत वाळू भरावी, नाहीतर बी खोल जाऊन फुकट जाते. उगवण आठवडा ते तीन आठवड्यांत होते. तोवर वरचा पापुद्रा सुकू द्यायचा नाही, म्हणजे उघडीप असेल तेव्हा दिवसातून दोन-तीनदा झारीने किंवा बारीक फवाऱ्याने हलके पाणी. पेंडीमेथॅलिनसारखे उगवणीपूर्वीचे तणनाशक अलीकडे वापरले असेल तर बी टाकूच नये. ते औषध तण आणि गवत असा भेद करत नाही.

हिवाळ्यासाठी राय गवताचे बी टाकण्याचा प्रकार निराळा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, दर चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅम. ते आठवडा-दहा दिवसांत उगवते, अधिवेशनाच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत हिरवेगार दिसते आणि मार्चच्या उन्हात करपून जाते. नागपूरच्या थंडीत हरळी पूर्ण तपकिरी क्वचितच पडते, त्यामुळे हा खर्च शोभेपुरताच. शिवाय राय दाट झाले तर फेब्रुवारीत जागी होणारी हरळी त्याच्या सावलीत दबते. म्हणून जानेवारीनंतर कापणीची उंची कमी करत आणतात आणि रायला नत्र देणे थांबवतात.