पॉइंट टू-टूची गोळी खेळण्यातली नव्हे

‘पॉइंट टू-टू म्हणजे खेळणंच, रिकामे डबे पाडण्यापुरतं,’ असं अमेरिकेत हौसेने या ०.२२ इंच व्यासाच्या छोट्या गोळीचं हलकं रिव्हॉल्व्हर घेणारे वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आले आहेत. हे साफ चूक आहे. हाताला झटका जाणवत नाही म्हणून गोळी निरुपद्रवी होत नाही! जेमतेम अडीच ग्रॅम शिसं. पण काडतुसांच्या डबीवरच मैलाहून लांबपर्यंत धोक्याचा इशारा छापलेला असतो. म्हणून नेमामागे मातीचा उंच बांध हवाच. तळं तर नकोच: पाण्यावर तिरकी लागलेली गोळी, चपट्या दगडाने भाकऱ्या काढाव्यात तशी, उसळून भलतीकडेच जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते याच पॉइंट टू-टूच्या काडतुसावर.