एकच सेकंद, दोन तारखा

१,२३,४५,६७,८९०. दिसायला नुसता आकडा, पण ही एका क्षणाची नोंद आहे. १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून, तीही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र, इतके सेकंद उलटले तेव्हा लंडनमध्ये १३ फेब्रुवारी २००९ची रात्र होती : ११ वाजून ३१ मिनिटं ३० सेकंद. टोकियोत मात्र १४ तारीख उजाडून सकाळचे साडेआठ होऊन गेले होते. क्षण एकच, तारखा दोन, आणि दोन्ही बरोबर.

बहुतेक सॉफ्टवेअर वेळ अशीच जपतं, उलटलेल्या सेकंदांत. त्यातून तारीख काढायची तर आधी ८६,४००ने भागायचं. आपल्या आकड्यातून १४,२८८ पूर्ण दिवस निघतात आणि ८४,६९० सेकंद उरतात. ते झाले २३ तास ३१ मिनिटं ३० सेकंद. (१९७२पासून जगाच्या घड्याळात २७ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला जादा सेकंद, घातले गेले, पण ही मोजणी ते धरत नाही. तिचा प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच.) दिवसांवरून तारीख काढताना लीप वर्ष आडवं येतं. त्यावरची एक युक्ती मला फार सुंदर वाटते : वर्ष मार्चमध्ये सुरू होतं असं मानायचं. मग २९ फेब्रुवारी वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि आधीच्या कुठल्याच महिन्याचा हिशोब बिघडवत नाही.

इथवर सगळं गणित आहे. टाइम झोन आला की गणिताची जागा माणसांचे निर्णय घेतात. टोकियोसाठी यूटीसीत ९ तास मिळवले की झालं. न्यूयॉर्कसाठी मात्र हिवाळ्यात ५ तास वजा करायचे, उन्हाळ्यात ४, कारण तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे एक दिवस २३ तासांचा, एक २५ तासांचा. ‘उद्या याच वेळी’ म्हणून ८६,४०० सेकंद मिळवणारा प्रोग्राम वर्षभर बरोबर चालतो आणि नेमका त्या दोन रविवारी चुकतो. नोव्हेंबरच्या त्या रात्री दीड दोनदा वाजतो, त्यामुळे नुसतं ‘रात्री दीड’ लिहिलेल्या नोंदीवरून खरा क्षण कोणता हे कळायला मार्गच उरत नाही.

प्रशांत महासागरातल्या सामोआ या देशाने तर २०११मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. २९ डिसेंबरनंतर तिथे थेट ३१ डिसेंबर उजाडला. सेकंद अखंड मोजले जात होते. ३० तारीख तेवढी आलीच नाही.

असले नियम कुठल्याही सूत्रात बसत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रदेशाच्या बदलांचा इतिहास इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या टाइम झोन डेटाबेसमध्ये नोंदवला जातो, आणि कुठे नियम बदलला की तो सुधारला जातो. बहुतेक फोन आणि सर्व्हर त्याच्याच आधाराने चालतात. स्वतः तास मिळवत-वजा करत बसण्यापेक्षा झोनचं नाव देऊन हे काम त्याच्याकडे सोपवावं, असं मी आग्रहाने सांगेन.

घडून गेलेल्या गोष्टीसाठी सेकंद जपावेत आणि तारीख दाखवताना काढावी. पुढच्या वर्षीच्या भेटीला हे लागू नाही. तिथे ‘सकाळी ९, न्यूयॉर्क’ असंच लिहून ठेवावं आणि सेकंद आयत्या वेळी काढावेत. आजच आकडा पक्का केला आणि मधे तिथला नियम बदलला, तर आठवणीची घंटा आठला वाजेल किंवा दहाला, आणि भेट ठरलेली असेल नऊची.