वॉर्डातला बदल आणि परिसेविका: एक पार्श्वभूमी

ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, २०२३ मध्ये जुनी जागा सोडून मनोरुग्णालयाच्या आवारात गेलं. जुन्या जागेवर ९०० खाटांचं नवं रुग्णालय बांधायचं ठरलं. बातम्यांत खाटा आल्या, मजले आले, खर्च आला. रुग्णालय हलवायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, हे मात्र परिसेविकेला, म्हणजे वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरला विचारावं. ऑक्सिजनवरचे पेशंट कोणत्या क्रमाने न्यायचे, नव्या जागी सक्शन यंत्र आणि क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) आधी कोण तपासणार, त्या आठवड्याची ड्युटी लिस्ट कशी लावायची, औषधांचा साठा कोणाच्या सहीने हलणार, हे सगळं तिच्याच डोक्यात असतं. शिवाय एका रुग्णालयातला बदल दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. सिव्हिल हलल्यामुळे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयावर ताण वाढल्याची चर्चा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले तेव्हा ती उघडपणे झाली आणि सरकारने चौकशी समिती नेमली. मृत्यूंची कारणं एकाच सूत्रात बसत नसतात. पण रुग्णांचा ओघ कुठे वळेल आणि तिथे पाळीला किती परिचारिका असतील, हा प्रश्न स्थलांतराच्या नियोजनात पहिल्या पानावर असायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात व्यवस्थापनाच्या पेपरला ‘बदलाची प्रक्रिया’ असते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनच्या तीन पायऱ्या बहुतेक मुली पाठ करतात: जुनी घडी सैल करा, बदल करा, नवी घडी पक्की करा. या पायऱ्या कुठून आल्या हे फारसं शिकवलं जात नाही. ते कळलं तर त्यांचा उपयोग कितीतरी वाढेल.

आज पोलंडमध्ये असलेल्या मोगिल्नो गावात १८९० मध्ये जन्मलेला लेविन ज्यू होता. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, १९३३ मध्ये, जर्मनी सोडून तो अमेरिकेला गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे मांसाची टंचाई झाली. काळीज, हृदय, मूत्रपिंड हे भाग गृहिणींनी घरी शिजवावेत अशी सरकारची इच्छा होती आणि लोकांना ते खाणं कमीपणाचं वाटे. लेविनने आयोवात प्रयोग केला. काही गटांना चांगलं व्याख्यान दिलं, पाककृती दिल्या. बाकीच्या गटांत अडचणींवर चर्चा होऊ दिली आणि शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून ठरवायला सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी हे मांस नंतर घरी केलं, चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या बायका रेडक्रॉसच्या स्वयंसेविका होत्या आणि त्यांचे गट घरगुती शुश्रूषेसाठी तयार झालेले होते. म्हणजे ज्या विचाराला आपण कंपन्यांच्या कार्यालयातून आलेला समजतो, त्याच्या मुळाशी रुग्णसेवेसाठी एकत्र आलेल्या बायकांचे गट आहेत.

लेविनचं म्हणणं साधं होतं. माणसाची सवय एकट्याची नसते, ती गटाने धरून ठेवलेली असते, म्हणून बदल गटातच ठरवावा लागतो. दुसरं म्हणजे, पुढे ढकलणारा जोर वाढवला की ताण वाढतो, त्यापेक्षा मागे ओढणारा अडथळा काढावा. हात धुण्याविषयी तिसरं परिपत्रक काढण्याऐवजी प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली लावली, तर ते लेविनच्या सांगण्याप्रमाणे झालं.

१९४७ मध्ये लेविन वारला. पुढच्याच वर्षी लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी व्हर्जिनियातल्या हारवुड पायजमा कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे कामगार मुख्यतः बायका. कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, तक्रारी वाढत. संशोधकांनी एका गटाला नुसता निर्णय कळवला. दुसऱ्या गटांना बदल का हवा हे दाखवून नवी पद्धत ठरवण्यात पूर्ण सामील केलं. कळवलेल्या गटातल्या १७ टक्के बायका पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेल्या आणि उत्पादन सावरलं नाही. पूर्ण सामील झालेल्या गटांतून त्या काळात कोणी गेलं नाही आणि उत्पादन आधीपेक्षा वर गेलं. ‘स्टाफ टिकत नाही’ ही ठाण्या-नवी मुंबईतल्या खासगी रुग्णालयांची कायमची तक्रार आहे. पगार हे त्याचं मोठं कारण आहेच. पण सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर चिकटवलेला नवा नियम हेही एक कारण असतं, आणि ते दूर करायला पैसे लागत नाहीत.

यानंतरचे सिद्धांत थोडक्यात. रोनाल्ड लिपिट आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये सात टप्पे मांडले. त्यातला शेवटचा मला मोलाचा वाटतो: बदल घडवणाऱ्या व्यक्तीने आपली गरज संपवून बाजूला व्हायचं. एव्हरेट रॉजर्सने १९६२ मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते ते सांगितलं, आणि त्याच्या मागेही आयोवाच्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याचा अभ्यास होता. जॉन कॉटरच्या आठ पायऱ्या १९९५ नंतर सगळीकडे शिकवल्या जाऊ लागल्या. पहिली पायरी तातडीची जाणीव निर्माण करण्याची. कंपनीसाठी ती ठीक असेल. वॉर्डात तातडी दिवसाला तीन पाळ्या भरून असते. परिचारिकेला विचार करायला निवांत अर्धा तास मिळत नाही, ही तिथली खरी अडचण.

बदलाला परिचारिकांचा होणारा विरोध समजून घ्यायचा तर मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस वाचावी लागते. १९६० मध्ये तिने लंडनच्या एका शिक्षण रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास मांडला. जवळपास एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. तिला दिसलं की काम बारीक तुकड्यांत वाटलेलं आहे, एकीने सगळ्यांचे ताप घ्यायचे, दुसरीने सगळ्यांचे बेडपॅन द्यायचे. पेशंटचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने आणि आजाराच्या अवयवाने होतो. साधा निर्णयही वरच्या व्यक्तीकडे ढकलला जातो. मेन्झिसने याला आळस म्हटलं नाही. मृत्यू, वेदना, उघडं शरीर यांच्याजवळ रोज राहण्याची जी भीती असते, तिच्यापासून ही रचना परिचारिकेला वाचवते, असं तिने दाखवलं.

हे आपल्याकडे लावून बघा. पाळी बदलताना टेबलाभोवती बसून ओव्हर द्यायची, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सांगायची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. ती बदलून पेशंटच्या खाटेजवळ ओव्हर द्यायचं ठरवलं तर कागदावर हा बदल दहा मिनिटांचा आहे. पण खाटेजवळ पेशंट ऐकत असतो. ‘सिस्टर, माझा रिपोर्ट वाईट आला का?’ असं तो विचारतो, शेजारची मावशी कान देते, नातेवाईक मागे उभे असतात. टेबलामागे जे संरक्षण होतं ते गेलं. मग मुली ‘वेळ पुरत नाही’ म्हणतात. तेही खोटं नसतं, पण पूर्ण कारण ते नसतं. ज्या इनचार्जला हे माहीत असतं ती नियम लावायच्या आधी विचारते: पेशंटसमोर काय बोलायचं आणि काय नाही, कठीण प्रश्न आला तर उत्तर कोण देणार, नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर कोण थांबवणार. याची उत्तरं मुलींनीच ठरवली तर पद्धत टिकण्याची शक्यता वाढते.

आता आपल्या देशातला धागा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनला शाळा सुरू केली तेव्हा शिकवण्याइतकीच मोठी गोष्ट रचनेची होती: परिचारिकांचा कारभार त्यांच्यातल्याच प्रमुखाच्या, मेट्रनच्या हाती असावा. भारतात हे शिक्षण मिशन आणि लष्कर या दोन वाटांनी आलं. १८८८ मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी ब्रिटिश परिचारिकांची तुकडी इथे आली. हुकूम आणि गणवेश यांची शिस्त त्याबरोबर आली आणि घट्ट बसली. १९०५ मध्ये नर्सिंग अधीक्षिकांची संघटना झाली, १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेवर भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला, महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम १९६६ चा. १९८७ मध्ये केंद्राने नर्सिंगसाठी उच्चाधिकार समिती नेमली, तिने १९८९ मध्ये अहवाल दिला. कामाचे तास, मनुष्यबळ, शिक्षण, प्रशासनातलं स्थान, हे तिचे विषय आजच्या कुठल्याही परिचारिका संघटनेच्या निवेदनात जसेच्या तसे सापडतील.

मनुष्यबळाचा मुद्दा मी बाजूला ठेवू शकत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका आणि वर रजेवर जाणाऱ्यांच्या जागी ३० टक्के राखीव. ३० खाटांच्या वॉर्डाला दहा, राखीव धरून तेरा. पाळीला साधारण तिघी. शिक्षण रुग्णालय नसेल तर पाच खाटांमागे एक. ठाण्यातल्या ९०० खाटा सगळ्या साध्या वॉर्डाच्या आहेत असं धरलं तरी १८० आणि राखीव ५४, म्हणजे २३४ परिचारिका लागतात. अतिदक्षता आणि सुपरस्पेशालिटीसाठी त्याहून कितीतरी जास्त. पाळीला एकटीच असलेल्या मुलीकडून नवी नोंदवही भरून घेणं हे बदलाचं व्यवस्थापन नव्हे, आणि ती भरत नाही म्हणून तिला ‘बदलाला विरोध करणारी’ ठरवणं अन्यायाचं आहे.

गेल्या दोन दशकांत बदल दर्जाच्या वाटेने आले. रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देण्यासाठी २००५ मध्ये एनएबीएच हे मंडळ स्थापन झालं, सरकारी बाजूला २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आली, प्रसूतिगृहांसाठी २०१७ मध्ये ‘लक्ष्य’. नेरूळ, बेलापूर, वाशीच्या मोठ्या रुग्णालयांत मूल्यांकनाच्या आधीचे आठवडे कसे जातात ते तिथल्या प्रत्येक इनचार्जला माहीत आहे: फायली पूर्ण होतात, भिंतीवर फलक लागतात, पथक गेलं की अर्ध्या गोष्टी मागे पडतात. लेविनच्या भाषेत घडी सैल झाली आणि पक्की कधी झालीच नाही.

याच काळात नेमकं उलटही घडलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ मध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्टने सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकतानाची पाच मुद्द्यांची यादी आणली. मुद्दे कोणाला नवीन नव्हते. नवीन होतं ते हे की डॉक्टरने पायरी चुकवली तर परिचारिकेने त्याला थांबवायचं आणि व्यवस्थापनाने तिच्या मागे उभं राहायचं. लाइनमधून होणारा संसर्ग जवळजवळ नाहीसा झाला. शस्त्रक्रिया सुरक्षेच्या जागतिक यादीची चाचणी आठ शहरांत झाली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. थिएटरमधली सिस्टर ही यादी मोठ्याने वाचते. तिचा आवाज सर्जन थांबून ऐकतो का, यावर यादीचा उपयोग ठरतो.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं उदाहरण आणखी खोल जातं. १९०१ पासूनची ही संस्था, १,८५० खाटांची. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सक्तीने मुंडण करायचं नाही, गणवेशाची सक्ती करायची नाही, साखळीने बांधायचं नाही, भूल न देता विजेचे उपचार करायचे नाहीत. हे नियम डॉक्टरांच्या फायलीपेक्षा परिचारिकेच्या आणि परिचरांच्या पाळीत उतरतात. शेकडो माणसांना अंघोळ, कपडे, जेवण ही कामं वेळेत व्हावीत म्हणून जी शिस्त बसलेली असते, तिच्या जागी प्रत्येकाला विचारायचं असेल तर वेळ, माणसं आणि धीर तिन्ही लागतं. चिडलेल्या रुग्णाला बांधल्याशिवाय शांत कसं करायचं हे हाताला शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारी व्यक्ती बहुधा एखादी अनुभवी परिसेविकाच असते.

कोविडने तर बदल रातोरात आणला. २०२० मध्ये बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये आणि वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात रुग्णालयं उभी राहिली. एकमेकींना न ओळखणाऱ्या परिचारिका, त्यातल्या कित्येक कंत्राटी, एका पाळीत आल्या आणि त्यांनी वॉर्ड चालवले. केंद्रं बंद झाली तशा त्या पांगल्या आणि त्यांच्या हातातलं शिक्षणही बरंचसं त्यांच्याबरोबर गेलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारने ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. रुग्णाच्या शरीरातली ऑक्सिजनची पातळी पाहून त्याचा प्रवाह कमी-जास्त करणं ही त्यांची जबाबदारी. प्राणवायूची नासाडी थांबली आणि केंद्राने इतर राज्यांना या पद्धतीचा दाखला दिला. एक काम, एक नेमलेली परिचारिका आणि त्या कामापुरता पूर्ण अधिकार, एवढंच त्यात होतं.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी रचना ठरवली: केंद्रात आयोग, राज्यांत राज्य आयोग. शिक्षण, नोंदणी आणि दर्जा हे त्याचे विषय. पाळीला किती जणी असाव्यात, वॉर्ड हलवायच्या बैठकीत अधिसेविका (रुग्णालयातल्या परिचारिकांची प्रमुख) बसणार की नाही, परिसेविकेला खाट बंद ठेवण्याचा अधिकार असेल की नाही, हे मात्र प्रत्येक महापालिकेच्या सेवा नियमांत आणि प्रत्येक खासगी रुग्णालयाच्या धोरणात ठरतं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी हे नियम दुरुस्त करायला हाती घेतले, तर कळवा, वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या इनचार्ज सिस्टरना पहिल्याच बैठकीला बोलवावं. त्यांच्याकडे मुद्दे तयार आहेत.