नायट्रो गाडी बंद पडते तेव्हा : आधी तार, मग हवा, शेवटी नीडल

रिमोट कंट्रोल गाडीतल्या नायट्रो इंजिनाला, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाला, ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरच्या माथ्यावर ग्लो प्लग असतो आणि त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार वेटोळं करून बसवलेली असते. सुरू करताना इग्नायटरने, म्हणजे प्लगवर बसवायच्या छोट्या बॅटरीच्या उपकरणाने, या तारेला सुमारे १.५ व्होल्ट दिले की ती लालभडक होते. इंजिन धरलं की इग्नायटर काढून घ्यायचा. त्यापुढे तार तापलेली राहते ती ज्वलनाच्या उष्णतेमुळे आणि मिथेनॉलच्या वाफेची प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर जी उत्प्रेरकी क्रिया होते तिच्यामुळे. मॉडेल विमानांसाठी १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी हा प्लग बाजारात आणला, आणि आजही छोट्या इंजिनांत तोच चालतो.

इंजिन बंद पडण्याची कारणं यातूनच निघतात. एक तर तार थंड पडली, किंवा मिश्रण जळण्याजोगं उरलं नाही, किंवा इंजिनाला पेलवणार नाही इतका भार आला. बहुतेक जण मात्र गाडी बंद पडली की पहिला हात स्क्रू-ड्रायव्हरला घालतात आणि हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची नीडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण कमी-जास्त करणारा स्क्रू, फिरवत बसतात. दोष प्लगचा किंवा फाटक्या नळीचा असला, तर नीडल फिरवून तो जात नाही. उलट चांगलं जमलेलं सेटिंग मात्र हातचं जातं.

सुरुवात प्लगपासून करा. प्लग काढा, इग्नायटर लावा आणि तार बघा. सगळी वेटोळी सारखी, तेजस्वी नारिंगी दिसली पाहिजेत. अर्धीच पेटत असतील, तार वाकडी झाली असेल किंवा पांढुरकी, खरबरीत दिसत असेल तर प्लग टाकून द्या. मात्र तार पेटली म्हणजे प्लग ठणठणीत आहे असंही नाही. प्लॅटिनमवर थर बसला की विजेवर ती छान पेटते, पण उत्प्रेरकी काम करत नाही. इग्नायटर काढताक्षणी इंजिनाचा आवाज खाली येऊन ते बंद पडत असेल, तर पहिला संशय प्लगवरच घ्यायचा. नवा प्लग लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे, म्हणून पेटीत दोन प्लग कायम हवेत. इग्नायटरही चार्ज केलेला आहे ना, हे आधी पाहावं.

इंधनाचंही तसंच. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. गाड्यांच्या इंधनात नायट्रोमिथेन साधारण १६ ते ३० टक्के असतं. मिथेनॉल हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं, त्यामुळे झाकण सैल राहिलेला गेल्या पावसाळ्यातला डबा संशयास्पदच समजावा. नायट्रोचं किंवा तेलाचं प्रमाण बदललं, नुसती कंपनी बदलली, तरी सेटिंग पुन्हा करावं लागतं.

यानंतर हवा. इंधन टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत येतं ते मफलरमधून टाकीकडे गेलेल्या नळीतल्या थोड्याशा दाबामुळे. त्या नळीला टाचणीएवढं भोक असेल, टाकीच्या झाकणाचा रबर कडक झाला असेल किंवा एक्झॉस्टच्या जोडाचं गॅस्केट फाटलं असेल, तर दाब पडतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. टाकी भरलेली असताना गाडी नीट पळते आणि निम्मी झाली की बंद पडते, ही याचीच खूण. टाकी रिकामी करून बाहेर काढा. इंधनाची नळी चिमट्याने बंद करा, दाबाच्या नळीत सिरिंजने हवा भरा आणि टाकी पाण्यात बुडवा. बुडबुडे जिथून येतील तिथे गळती. तोंडाने फुंकू नका. मिथेनॉल विषारी आहे.

दुसरी गळती इंजिनातच असते, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बुडाच्या ओ-रिंगपाशी (रबरी कडीपाशी), मागच्या बॅकप्लेटपाशी (झाकणापाशी) किंवा पुढच्या बेअरिंगमधून. हिची खूण ओळखण्यासारखी आहे. थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा खटका, सोडल्यावरही इंजिन काही क्षण वरच्याच आवाजात घोंघावत राहतं आणि मग हळूहळू खाली येतं. आज जमलेलं सेटिंग उद्या जमत नाही. अशा इंजिनाची नीडल कितीही फिरवा, गळती बुजवल्याशिवाय ते स्थिर होणार नाही. नळीत बुडबुडे पळताना दिसले तर टाकीतला फिल्टर आणि नळीची दोन्ही टोकं तपासा.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच नीडलकडे वळा. इथे एक आकडेवारी समजून घ्यायला हवी. पेट्रोलचा एक ग्रॅम पुरता जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलच्या एका ग्रॅमला ६.४ आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे हे इंजिन इंधन भरपूर पितं, आणि त्यासोबत येणारं तेलच पिस्टनला वंगण देतं. बाष्पीभवन होताना मिथेनॉल इंजिनाला थंडही करतं. त्यामुळे लीन इंजिन नुसतं बंद पडत नाही. त्याला तेल कमी मिळतं, ते तापतं आणि पिस्टन झिजतो. रिच, म्हणजे जादा इंधनावर चालणारं इंजिन धूर सोडतं, दम लागल्यासारखं चालतं, पण सहसा टिकतं. शंका असेल तेव्हा रिचच्या बाजूला राहावं.

बंद कधी पडतं, ते नीट बघा. लांब सरळ रेषेत पूर्ण वेगात असताना आवाज चिरका होऊन अचानक तुटला, तर हाय-स्पीड नीडल (पूर्ण वेगातल्या इंधनाची) फार आवळलेली आहे. ती एक अष्टमांश फेरा उघडा. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा, आवाज हळूहळू खाली येत, गुरगुरत विझत असेल तर लो-स्पीड नीडल (मंद गतीतल्या इंधनाची) रिच आहे. आवाज चढत जाऊन मग विझत असेल तर लीन. दहा-पंधरा सेकंद आयडलवर ठेवून एकदम थ्रॉटल दिल्यावर धुराचा लोट काढत अडखळलं तर रिच, धूर न काढता जागीच मेलं तर लीन.

चिमटा चाचणीही करावी. गरम इंजिन आयडलवर असताना कार्ब्युरेटरजवळची नळी बोटांनी दाबून धरा. आवाज किंचित चढून साधारण तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर लो-स्पीड नीडल जमली आहे. दाबताक्षणी बंद पडलं तर लीन. पाच-सहा सेकंद घोंघावत राहिलं तर रिच.

हे सगळं इंजिन गरम झाल्यावरच करायचं. आधी हाय-स्पीड, मग लो-स्पीड आणि शेवटी आयडल स्क्रू. बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये इंधन हाय-स्पीड नीडलमधून पुढे जातं, म्हणून तिथला बदल खालीही जाणवतो. लो-स्पीड नीडल आवळली की आयडल चढतो, तो स्क्रूने उतरवावा लागतो. एका वेळी एक अष्टमांश फेऱ्याहून जास्त नको, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी एक-दोन चकरा पळवा. कार्ब्युरेटरचं तोंड आयडलला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर उघडं असावं. ते पुरतं मिटत असेल तर रिमोटवरचा थ्रॉटल ट्रिम बघा. ट्रिमचं बटण धक्क्याने सरकलेलं असतं आणि लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात.

माथ्याचं तापमान ९५ ते १२० अंश सेल्सिअस असावं. इन्फ्रारेड थर्मामीटर वरून सरळ प्लगवर धरून मोजा. तो नसेल तर पाण्याचा थेंब टाका. तीन ते पाच सेकंदांत उडाला तर ठीक, टाकताच उडाला तर इंजिन फार तापलंय.

हवामानही हिशेबात घ्या. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून मुंबईत जमलेलं सेटिंग तिथे रिच ठरतं. उलट नाशिक-पुण्याच्या थंडीत पहाटे हवा दाट असते, तेव्हा दुपारचं सेटिंग लीन होतं आणि नीडल थोडी उघडावी लागते.

गाडी ब्रेक लावताना किंवा थांबतानाच बंद पडत असेल, तर इंजिनापेक्षा त्याची गती चाकांकडे पोचवणाऱ्या क्लचकडे बघा. इंजिन बंद करून क्लच बेल, म्हणजे क्लचवरची वाटीसारखी टोपी, हाताने फिरवा. ती मोकळी फिरली पाहिजे. स्प्रिंग तुटलेली किंवा बेलचं बेअरिंग जाम असेल तर आयडललाही चाकं ओढली जातात आणि ब्रेक लागला की इंजिनाचा गळा दाबला जातो.

थंड असताना उत्तम चालणारं आणि गरम झाल्यावर बंद पडून पुन्हा सुरूच न होणारं इंजिन मात्र म्हातारं झालेलं असतं. यातली पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते आणि पिस्टन तिथे घट्ट बसतो. तापल्यावर पितळ जास्त सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमच्या पिस्टनहून थोडं जास्त प्रसरण पावतं. झीज झाली असेल तर फट पडते आणि कंप्रेशन जातं. माथ्यावर ओलं फडकं ठेवल्यावर इंजिन सुरू होत असेल, तर निदान पक्कं. पिस्टन आणि स्लीव्हची जोडी बदलावी लागेल.

पुन्हा सुरू करताना इंजिन फिरवायची दोरी अडली तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असतं आणि द्रव दाबला जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, गाडी उलटी करा, चार-पाच वेळा दोरी ओढून इंधन बाहेर काढा. तोंड बाजूला ठेवा आणि जवळपास इग्नायटर किंवा विस्तव नको. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही.

दिवस संपल्यावर टाकी रिकामी करा, नळीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालवा, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे (वापर संपल्यावर घालायच्या तेलाचे) दोन-तीन थेंब सोडून दोरी काही वेळा ओढा. नाहीतर ओलाव्याने मागचं बेअरिंग गंजतं. पिस्टन खालच्या टोकाला ठेवूनच गाडी कपाटात ठेवा. वरच्या टोकाला राहिला तर थंड होणारी स्लीव्ह त्याला आवळून बसते.