२१४७४८३६४७ मूळ आहे, पण ३१ मूळ आहे म्हणून नव्हे

इंटची (प्रोग्रॅममधल्या ३२ बिटच्या पूर्णांक व्हेरिएबलची) लिमिट २१४७४८३६४७ असते हे कोडिंग करणाऱ्याला सांगायला नको. ३२ बिट, एक चिन्हाला गेला, उरले ३१, म्हणून २^३१−१. ही संख्या मूळ आहे हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, आणि मग कुणीतरी ठोकून देतं की लिमिट मुद्दाम मूळ संख्या ठेवलीय. अरे बाबा, १६ बिटची लिमिट ३२७६७, तिला ७ ने भाग जातो, ६४ बिटची २^६३−१, तिलाही ७ ने जातो. योगायोग आहे, सोडा.

खरा घोळ मर्सेन संख्या आणि मर्सेन मूळ संख्या यांचा. २ च्या घातातून १ वजा केला की मर्सेन संख्या, ती मूळ निघाली तर मर्सेन मूळ संख्या. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, तरी पुढच्याच वाक्यात "घातांक मूळ असला की झालं" हे येतंच, आणि ते वाचलं की माझं डोकं फिरतं.

घातांक संयुक्त असेल तर संख्या संयुक्त असतेच, इथवर बरोबर. वरची ३२७६७ म्हणजे २^१५−१ घ्या. २^१५ म्हणजे ८^५. ८ ला ७ ने भागलं की बाकी १, म्हणून ८^५ चीही बाकी १, ती वजा केली की ७ ने पूर्ण भाग. म्हणजे घातांक मूळ असणं ही फक्त आत जायची अट आहे, आत गेल्यावर काय होईल याची गॅरंटी नाही. ११ मूळ आहे, पण २^११−१ = २०४७ = २३ × ८९.

लोक फसतात कारण सुरुवातीची उदाहरणं फारच गोड आहेत. ३१ पर्यंतच्या अकरा मूळ घातांकांपैकी आठ पास होतात, नापास फक्त ११, २३ आणि २९. पण त्यापुढे ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९ सगळे आपटतात आणि थेट ६१ ला पुढची मूळ संख्या मिळते. ज्याच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात त्या खुद्द मर्सेनने १६४४ मध्ये यादी दिली तिच्यात ६७ आणि २५७ चुकीचे घातले आणि ६१, ८९, १०७ सोडून दिले.

मग २^३१−१ मूळ आहे हे कळलं कसं? गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. हिचा मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च यायला हवी, म्हणून ४६३४० पर्यंतच्या तेवढ्याच मूळ संख्या तपासायच्या, एकीनेही भाग गेला नाही.

आता एवढंही नको, मर्सेन संख्या मूळ आहे का हे तपासणारी लुकास-लेमर टेस्ट चार ओळींची आहे, मला तीच आवडते. ४ पासून सुरू करा, वर्ग करून २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा (व्हेरिएबल ६४ बिटचं घ्या, नाहीतर ओव्हरफ्लो), हे घातांकापेक्षा २ कमी वेळा. शेवटी शून्य आलं तरच मूळ (घातांक २ सोडून). ११ साठी नऊ वेळा करून १७३६ उरतात. ३१ साठी एकोणतीस वेळा, आणि शून्य.