पिवळं पान जुनं की नवं?

मामेभावाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. गेल्या पावसाळ्यात तो नाशिकला आमच्याकडे आला, चहाचा कप घेऊन फिशटँकपुढे वाकला आणि म्हणाला, “लोह कमी पडलंय याला. मधली कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, अन् कडेची जुनी पानं ठणठणीत. चुनखडीच्या रानात आमच्याकडंही असंच होतं.” टाकीतल्या अमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीसाठी मी तीन महिने कधी दिव्याचे तास वाढवत होतो, कधी ‘सर्व वनस्पतींना एकच’ असं छापलेलं टॉनिक ओतत होतो. त्यानं मासे कुठले आहेत तेही पाहिलं नव्हतं.

झाडाच्या घरात जुनं पान म्हणजे कोठार. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही मंडळी फिरती. टंचाई आली की झाड जुन्या पानातलं हरितद्रव्य मोडतं, त्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू सोडवतं आणि रसवाहिन्यांतून कोवळ्या पानाकडे धाडतं. म्हणून अशा वेळी पिवळं पडतं ते जुनं पान. पालाश कमी पडलं तर जुन्या पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. लोह आणि कॅल्शियम मात्र जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. लोह हरितद्रव्याच्या रेणूत नसतं, पण तो घडवायला लागतं. पुरवठा थांबला की जुनी पानं आपल्या साठ्यावर हिरवी राहतात आणि नवं पान फिकट जन्मतं.

बाजारातून आणलेलं रोप पहिल्या पंधरवड्यात सडायला लागलं तर हे निदान लावू नका. नर्सरीत बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवतात. ती हवेतली पानं बुडाली की गळतातच. नवी पानं कशी येतात ते बघा.

आता माझा घोळ. टॉनिकमध्ये लोह होतंच, पण आमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं, जड, पीएच ७.८. अशा पाण्यात मोकळं लोह ऑक्सिजनशी जुळून गंजासारखं खाली बसतं. म्हणून ते चिलेट करून, म्हणजे एका सेंद्रिय रेणूच्या चिमट्यात धरून विकतात. त्यातला ईडीटीए हा चिमटा साधारण ६.५ पीएचपर्यंत भरवशाचा. त्यापुढे पाण्यातलं कॅल्शियम त्याला फितवतं आणि लोह उघड्यावर पडतं. डीटीपीए सातच्या थोडं पुढे टिकतो, ईडीडीएचए नऊलाही सोडत नाही. द्राक्षवाल्यांना ही नावं पाठ असतात. दर हंगामात ते देठ परीक्षण करून घेतात, म्हणजे पानाच्या देठात कुठलं अन्नद्रव्य किती ते तपासून घेतात.

भावानं ईडीडीएचएची पुडी दिली. टाचणीच्या डोक्याएवढं टाकलं, तरी पाणी गुलाबी झालं. मासे बिचकले नाहीत, बायको बिचकली. (पण म्हणून बागेचं कुठलंही खत टाकीत घालू नका, युरिया, अमोनियम असलं तर मासे जातील.)

शेजारच्या काकांचं निदान निराळं होतं: टाकी ईशान्येला हवी. तिथेही ठेवून पाहिली होती. सकाळचं ऊन थेट काचेवर आलं आणि आठवड्यात शेवाळ दाटलं. दिशेला दोष नाही, खिडकीला आहे.

पुडीनंतर आलेलं पहिलं पान अर्धवट पिवळटच होतं. दुसरं पोपटी. तिसरं उलगडलं तेव्हा त्याच्यात आणि कडेच्या जुन्या पानात फरक ओळखू येईना.