मॉडेल बोटीच्या शाफ्टनळीची दुरुस्ती

रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल बोटीत मोटर बोटीच्या पोटात, कोरड्या जागी असते आणि पंखा मागे पाण्यात. या दोघांना जोडणारी पोलादी दांडी, म्हणजे शाफ्ट, ज्या नळीतून तळाबाहेर पडते तिला शाफ्टनळी किंवा स्टर्न ट्यूब म्हणतात. दांडीला दोन्ही टोकांना आधार देणे आणि पाणी आत येऊ न देणे ही तिची दोन कामे. बोट खरखरू लागली, वेग मंदावला, बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरू लागली किंवा पोटात पाणी साचू लागले की बहुतेक वेळा दोष याच नळीत किंवा तिच्या आसपास सापडतो. सोलापुरात उपलब्ध असलेली कारागिरी, इथले हवामान आणि पाणी यांच्या संदर्भात या दुरुस्तीची माहिती पुढे दिली आहे.

रेडिओवर चालणारी बोट निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर चालवून दाखवली. मोठ्या जहाजांच्या नळीचा प्रश्न त्याआधीच छळत होता. पंख्यावर चालणाऱ्या सुरुवातीच्या आगबोटींत पितळी बेअरिंगे झपाट्याने झिजत. १८५४ मध्ये इंग्रज अभियंते जॉन पेन यांनी लिग्नम व्हिटी या अतिशय कठीण लाकडाच्या पट्ट्या नळीत बसवून त्यावर उपाय काढला. मॉडेल बोटीत बेअरिंग पुन्हा धातूचेच असते, पण झिजेचा मूळ प्रश्न तोच आहे.

रचना

मध्यम आकाराच्या मॉडेलमध्ये दांडी सहसा ४ मिमी जाडीची असते. तिच्या बाहेरच्या टोकाला एम-४ चे, म्हणजे ४ मिमी मापाचे, आटे असतात. त्यावर पंखा आणि तो सुटू नये म्हणून लॉकनट बसतो. नळी पितळेची असते आणि तिच्या दोन्ही टोकांत फॉस्फर ब्राँझचे किंवा तेल मुरवलेल्या सच्छिद्र ब्राँझचे बुश, म्हणजे दांडीला बेअरिंगसारखा आधार देणाऱ्या छोट्या पोकळ नळकांड्या, दाबून बसवलेले असतात. मधल्या पोकळीत ग्रीस भरतात. काही नळ्यांना वर उभी बारीक नळी सोल्डर केलेली असते. तिच्यातून तेल किंवा ग्रीस सोडता येते.

बोट पुढे जाताना पंखा दांडीला आत ढकलतो. हा जोर बाहेरच्या बुशवरच्या वॉशरने घ्यायचा असतो. वॉशर नसला किंवा झिजून पातळ झाला, तर सगळा जोर कपलिंगमार्गे, म्हणजे मोटर आणि दांडी यांना जोडणाऱ्या भागातून, मोटरच्या बेअरिंगवर जातो आणि चांगली मोटर अकाली जाते. नळीचे आतले टोक शक्यतो पाण्याच्या रेषेपेक्षा वर ठेवतात, त्यामुळे बुश थोडा सैल असला तरी पाणी आत ओघळत नाही. टोक खाली असेल तर सारी मदार ग्रीसवर असते.

दोष कुठे आहे ते ओळखणे

दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: पाणी नळीतून येते की नळीभोवतून? नळीतून येत असेल तर बुश किंवा दांडी झिजली आहे. नळीभोवतून येत असेल तर नळी आणि बोटीचे अंग यांचा सांधा सुटला आहे. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि हे न पाहता सरळ इपॉक्सी (दोन द्रव्ये कालवून घट्ट होणारा गोंद) ओतणाऱ्यांच्या बोटी दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा पाणी पिऊ लागतात. तपासणी सोपी आहे. नळीचे बाहेरचे तोंड मेणाने किंवा घट्ट ग्रीसने बंद करावे, आत नळीच्या मुळाशी टिश्यू पेपर ठेवावा आणि बोट वजन घालून बादलीत किंवा टबमध्ये नेहमीच्या खोलीइतकी बुडेल अशी ठेवावी. तरीही कागद ओला झाला तर सांधा गेला आहे.

बुशची झीज हाताने कळते. पंखा धरून दांडी वर-खाली हलवावी. ढिलेपणा (प्ले) स्पष्ट जाणवला तर बुश बदलावा लागेल. मग कपलिंग सोडून दांडी बोटांनी फिरवावी. ती एखाद्या ठिकाणी अडत असेल तर वाकलेली आहे. बाहेर काढून काचेवर लोळवली की बाक डोळ्यांना दिसतो. बाहेरचा बुश एकाच बाजूने लांबट झिजलेला दिसला तर पहिला संशय मोटर आणि नळी एका रेषेत नसल्याचा घ्यावा. अशा बोटीत नवा बुश घातला तरी तोही तसाच झिजतो, म्हणून आधी रेषा सुधारावी.

सोलापूरच्या पाण्यात आणखी दोन शत्रू आहेत. एक म्हणजे काळ्या मातीचा गाळ. पावसाळ्यात पाणी गढूळ होते, त्यातले बारीक कण ग्रीसमध्ये मिसळतात आणि ग्रीसची पॉलिश पेस्ट होऊन बसते. दुसरा शत्रू दोरा. देवस्थानाजवळच्या तलावात हारांचे दोरे असतात आणि धर्मवीर संभाजी तलावात, म्हणजे जुन्या कंबर तलावात, जलपर्णीचा त्रास होत आला आहे. दोरा किंवा मुळी पंख्यामागे गुंडाळली की ती बुशच्या तोंडात शिरते, ग्रीस बाहेर ओढते आणि घर्षणाने बुश तापवते. प्रत्येक फेरीनंतर पंखा आणि बुश यांच्या फटीत नीट पाहिले तर निम्म्या दुरुस्त्या टळतील.

बुश आणि दांडी बदलणे

कपलिंगचा ग्रब स्क्रू, म्हणजे दांडीवर दाबून बसणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, सोडून दांडी मागे ओढण्याआधी एक काम विसरू नये. स्क्रूच्या टोकाने दांडीवर उठलेला खरखरीत कंगोरा बारीक कानशीने घासून सपाट करावा. नाहीतर दांडी बाहेर येता येता तो कंगोरा आतल्या बुशला चर पाडतो आणि एका बुशच्या कामाचे दोन बुशचे काम होते.

दांडी बाहेर आली की बुशच्या जागी आणि मध्यभागी व्हर्निअरने माप घ्यावे. बुशच्या जागी झिजून चर पडले असतील तर दांडी बदलावी, कारण नवा बुश आणि जुनी झिजलेली दांडी यांची जोडी टिकत नाही. ४ मिमी स्टेनलेस सळईला डायने (आटे पाडायच्या हत्याराने) एम-४ चे आटे पाडून नवी दांडी बनते. मात्र आटे सरळ पडायला हवेत. तिरके पडले तर पंखा डगमगतो, म्हणून हे काम हातात धरून करण्यापेक्षा लेथवर करून घेणे चांगले.

या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. एकोणिसाव्या शतकापासून कापडगिरण्यांचे आणि पुढे यंत्रमागांचे हे शहर. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांना बुश, शाफ्ट आणि पिना सतत लागतात, आणि अक्कलकोट रोडसारख्या औद्योगिक भागात ते बनवणारे टर्नर आहेत. बोटीचा बुश त्यांच्या नेहमीच्या कामापेक्षा बराच लहान असतो, म्हणून माप तोंडी न सांगता जुना बुश, नळी आणि नवी दांडी तिन्ही सोबत न्यावे. कोणी पितळ सुचवले तरी फॉस्फर ब्राँझचाच आग्रह धरावा. पितळ पोलादी दांडीखाली लवकर झिजते.

बुश नळीत दाबून बसवला की त्याचे भोक किंचित आवळते. म्हणून शेवटचे माप बसवल्यानंतर ४ मिमीच्या रिमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, काढतात. दांडी आणि बुश यांच्यात दोन-तीन शतांश मिलिमीटरची मोकळीक पुरे. दांडी स्वतःच्या वजनाने हळूच सरकली पाहिजे, पण हलवल्यावर खडखडता कामा नये. तेल मुरवलेल्या सच्छिद्र बुशला मात्र रिमर लावू नये, त्याची छिद्रे बुजतात. त्याला सोल्डरची उष्णताही देऊ नये, मुरलेले तेल निघून जाते. बुश चिकटद्रव्याने पक्का करायचा असेल तर ग्रीस लावलेली सरळ दांडी दोन्ही बुशांतून घालून ठेवावी, म्हणजे द्रव्य वाळेपर्यंत दोन्ही एका रेषेत राहतात.

सुटलेली नळी पुन्हा बसवणे

सांधा सुटला असेल तर वरून नवा थर देण्यात अर्थ नाही. नळी पूर्ण काढावी. नळीच्या आतल्या टोकाला तापलेला सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवला की पितळ उष्णता लांबवर नेते, जुने इपॉक्सी नरमते आणि नळी पिळत ओढली की सुटते. खिडकी उघडी ठेवावी. प्लास्टिकच्या बोटीवर गॅसची ज्योत कधीही वापरू नये.

नळीचा चकचकीत पृष्ठभाग पॉलिश पेपरने खडबडीत करावा, बोटीच्या अंगावरची जागाही घासावी आणि दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. ग्रीसचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही. एबीएस प्लास्टिकवर ॲसिटोन लावू नये, ते प्लास्टिक विरघळवते.

रेषा जुळवण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. नेहमीचे युनिव्हर्सल (सांध्यात वळणारे) कपलिंग काढून मोटरची दांडी आणि शाफ्ट यांना जोडणारा सलग पितळी तुकडा लावावा. त्यात लवचीकता नसल्यामुळे मोटर, शाफ्ट आणि नळी आपोआप एका रेषेत येतात. त्या अवस्थेतच मोटरचा पाया आणि नळी चिकटवावी, इपॉक्सी पूर्ण वाळू द्यावे आणि मगच युनिव्हर्सल पुन्हा लावावे. कपलिंग थोडा तिरकेपणा सहन करते म्हणून तो राहू देण्याचा मोह आवरावा. तो तिरकेपणा आवाज, कंपन आणि वाया जाणारी वीज यांच्या रूपाने प्रत्येक फेरीत भरावा लागतो.

सोलापूरचा उन्हाळा या कामात मोठा भाग घेतो. पारा ४० अंशांच्या वर असताना पाच मिनिटांचे म्हणून विकले जाणारे इपॉक्सी त्याच्या बऱ्याच आधी घट्ट होते, आणि वाटीत एकदम जास्त कालवले तर स्वतःच तापते. तीस मिनिटांचे घ्यावे, थोडे थोडे कालवावे, काम पहाटे करावे. वाळलेल्या सांध्यालाही उष्णता सोसत नाही. हौशी कामातली बरीच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास नरमू लागतात. बंद गाडीत किंवा पत्र्याखाली एप्रिल-मे मध्ये तेवढे तापमान सहज होते, आणि नळीची रेषा तिथेच हलते.

वंगण

शिलाई मशीनचे तेल बुशला चालते, पण ते पातळ असल्याने पाणी अडवत नाही आणि लवकर वाहून जाते. सावकाश चालणाऱ्या बोटीत पाण्याला टिकणारे मऊ ग्रीस सिरिंजने भरावे. फार घट्ट ग्रीस मोटरला ओढ लावते. खोबरेल किंवा खाण्याचे तेल वापरू नये, ते चिकट होऊन दांडी जाम करते. बाहेर आलेले ग्रीस पुसूनच बोट पाण्यात सोडावी. सिद्धेश्वर तलाव मंदिराभोवतीचा तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग सोडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

वेगवान बोटींची नळी वेगळी असते. तिच्यात सरळ दांडीऐवजी पिळाची लवचीक तार असते आणि नळीत बहुधा टेफ्लॉनचे अस्तर. ही तार जोर आला की आखडते, म्हणून मागच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर फट सोडतात. तिला प्रत्येक फेरीनंतर बाहेर काढून पुसावे आणि नवे ग्रीस लावावे लागते, नाहीतर ती आतून गंजून तुटते.

चाचणी

पहिली चाचणी टबमध्ये घ्यावी. एक मिनिट चालवून नळी हाताने तपासावी. बाहेरचे टोक गरम लागले तर बुश घट्ट आहे किंवा रेषा चुकली आहे. उघड्या पाण्यासाठी १८७१ मध्ये पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव मोठा आहे, पण वाऱ्याने लाटा उठतात. नव्या दुरुस्तीला जिल्ह्यातल्या डाळिंब-द्राक्षबागांची शेततळी अधिक सोयीची: पाणी स्थिर, जलपर्णी नाही. मालकाची परवानगी घ्यावी आणि एकट्याने जाऊ नये. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की पाय ठरत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बंद पडलेली बोट आणायला कोणीही आत उतरू नये. चाचणीच्या वेळी बोटीला बारीक दोरी बांधून ती पंख्यापासून लांब, बोटीच्या पुढच्या टोकाला अडकवावी आणि तिनेच बोट काठाला ओढावी. पहिल्या फेरीनंतर ग्रब स्क्रू पुन्हा आवळावा, पोटातला टिश्यू पाहावा आणि नळीत ताजे ग्रीस भरावे.